रॅमचा वेग ठरवतो कोण?

लखनौमध्ये कॉम्प्युटरचा कुठलाही सुटा भाग हवा असला की पावले लालबागेतल्या नाझा मार्केटकडे वळतात. हजरतगंजला लागूनच असलेला हा बाजार. मुंबईत लॅमिंग्टन रोडचे जे स्थान, तेच इथे नाझाचे. अरुंद गाळे, काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या रॅमच्या हिरव्या-काळ्या स्टिक आणि पलीकडून येणारा ठरलेला प्रश्न, ‘‘डीडीआर थ्री या फोर? और बस कितनी चाहिए?’’ बस म्हणजे रॅमचा वेग. किती जीबी हवेत हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक असते. वेगाचे विचारले की गाडी अडते. मग ‘‘जो सबसे तेज़ हो, वही दे दीजिए’’ असे सांगून मंडळी मोकळी होतात.

इथेच पैसे वाया जातात. स्टिकवर छापलेला आकडा म्हणजे ती स्टिक जास्तीत जास्त किती वेगाने चालू शकते याचा दावा. ती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किती वेगाने चालेल, हे मात्र स्टिक, मदरबोर्ड आणि प्रोसेसर अशा तिघांच्या संमतीने ठरते. तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत खाली, त्याचेच बाकीच्यांना ऐकावे लागते.

एकच स्टिक, तीन वेग

एक साधी, बिनशोभेची डीडीआर४-३२०० स्टिक घ्या. इंटेलचा सहाव्या पिढीचा कोअर आय५-६५०० आणि एच११० बोर्ड अशा जुन्या जोडीत ती बसवली, तर ती २१३३ वर चालेल, कारण त्या प्रोसेसरला डीडीआर४ मध्ये तेवढाच वेग मंजूर आहे. तीच स्टिक काढून दहाव्या पिढीच्या आय३-१०१०० आणि एच४१० बोर्डवर लावली, की ती २६६६ वर जाईल. अकराव्या पिढीच्या आय५-११४०० आणि एच५१० बोर्डवर लावल्यावर मात्र पुरे ३२०० मिळतील. स्टिकमध्ये काडीचाही बदल झालेला नाही, बदलला तो शेजार.

अशा वेळी रॅम जळत नाही की बिघडतही नाही. कॉम्प्युटर मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतो आणि सुरू होतो. म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षे पत्ताच लागत नाही, की आपण ज्या वेगाचे पैसे मोजले तो आपल्याला कधी मिळालाच नाही.

आपल्याकडच्या बाजारात याचे सगळ्यात जास्त भेटणारे रूप म्हणजे एच६१ चिपसेटचे बोर्ड. या चिपसेटचा काळ केव्हाच सरला. तरी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जुने प्रोसेसर मुबलक मिळत असल्याने या बोर्डांवर स्वस्तातले पीसी अजूनही बांधले जातात. त्यावर दुसऱ्या पिढीचा आय५-२४०० असेल, तर डीडीआर३-१६०० ची स्टिकसुद्धा १३३३ वरच चालते. त्याच बोर्डवर तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० बसवला, की १६०० चा रस्ता खुला होतो. म्हणजे इथे वेग वाढवायचा, तर बदलावा लागतो तो प्रोसेसर.

आधी पिढी, मग वेग

वेगाच्या आधी पिढीचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण तिथे तडजोड नाही. रॅमचे मानक जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर२ चे मानक २००३ मध्ये आले, डीडीआर३ चे २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये. प्रत्येक पिढीत विजेचा दाब कमी होत गेला. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. चुकीच्या पिढीची स्टिक चुकूनही बसू नये म्हणून तिच्या खालच्या कडेची खाच दर पिढीत थोडी सरकवलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या डेस्कटॉप स्टिकला २८८ पिनाच असतात, पण खाचेची जागा वेगळी. स्टिक सहज बसत नसेल, तर जोर लावू नका. ती बहुधा त्या स्लॉटची नाहीच.

लॅपटॉपच्या स्टिक आखूड असतात. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. उत्तर प्रदेश सरकारने २०१३ मध्ये बारावी झालेल्या लाखो विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले होते. त्या काळातले लॅपटॉप डीडीआर३ चे. घरात असा जुना लॅपटॉप पडून असेल आणि धाकट्या भावंडासाठी त्याची रॅम वाढवायची असेल, तर दुकानात डीडीआर४ चे नावही काढू नये. डीडीआर३ मध्येही एक पोटभेद आहे. डीडीआर३एल ही स्टिक १.३५ व्होल्टवर चालते आणि गरज पडली तर १.५ व्होल्टही सोसते. नुसती डीडीआर३ मात्र १.३५ वर चालेलच असे नाही. चौथ्या पिढीच्या पातळ लॅपटॉपना फक्त डीडीआर३एल चालते. तेव्हा लॅपटॉपसाठी घेताना ‘एल’ असलेली घेतली, की फसण्याचा धोका टळतो.

आणखी एक सापळा ८ जीबीच्या फार स्वस्त डीडीआर३ स्टिकचा. त्यांतल्या काहींवर ‘फक्त एएमडीसाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यांच्यातल्या चिपांची मांडणी वेगळी असते आणि इंटेलचे जुने बोर्ड ती ओळखत नाहीत. पडदा काळाच राहतो. स्वस्त दिसली म्हणून उचलण्याआधी स्टिकर वाचावा.

बाराव्या पिढीपासून इंटेलने नवा पेच टाकला. आय५-१२४०० हा प्रोसेसर डीडीआर४-३२०० आणि डीडीआर५-४८०० दोन्ही चालवू शकतो. पण बोर्ड सहसा दोहोंपैकी एकाचाच असतो. बी६६० नावाचा बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो आणि डीडीआर५ चाही. नाव तेच, स्लॉट वेगळे. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये हा गोंधळ नाही. तिथे डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही.

३२०० कशाचे?

दुकानात ‘बत्तीस सौ मेगाहर्ट्झ’ म्हणतात. व्यवहारात ते चालून जाते, पण काटेकोरपणे पाहिले तर त्या स्टिकचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवर चालते. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाचा ठोका वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, असा प्रत्येक ठोक्यात दोनदा डेटा पाठवला जातो. १६०० चे दुप्पट ३२००. म्हणूनच सीपीयू-झेडसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी १६००’ असे दिसते. दुकानदाराने अर्ध्या वेगाची रॅम माथी मारली असे वाटून पुष्कळ जण तक्रार घेऊन परत जातात. तक्रार करण्याआधी त्या आकड्याची दुप्पट करावी.

स्टिकरवर ‘पीसी४-२५६००’ असाही एक आकडा असतो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यातली वाट ६४ बिटांची, म्हणजे ८ बाइटची. सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा ८ बाइट म्हणजे २५,६०० मेगाबाइट, अर्थात २५.६ जीबी. हा त्या स्टिकचा सैद्धांतिक कमाल प्रवाह. डीडीआर३-१६०० वर याच हिशेबाने ‘पीसी३-१२८००’ असते. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

या वेगाची भौतिक बाजू पाहायची, तर मोकळा मदरबोर्ड नीट उजेडात धरावा. प्रोसेसरच्या सॉकेटपासून रॅमच्या स्लॉटपर्यंत तांब्याच्या बारीक रेघा गेलेल्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच रेघा सरळ न जाता नागमोडी वळणे घेतात. ही नक्षी नव्हे. ३२०० च्या वेगाला एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा अब्जांश भागही येत नाही, त्याचा तिसरा हिस्साच येतो. तेवढ्या वेळात बोर्डवरचा संदेश जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. एक रेघ आखूड आणि शेजारची लांब असेल, तर एकाच वेळी निघालेले बिट मागे-पुढे पोहोचतील आणि डेटाची खिचडी होईल. म्हणून जवळच्या रेघांना मुद्दाम वळणे देऊन सगळ्यांची लांबी जुळवतात. डीडीआर५-६००० ला हेच अंतर अडीच सेंटिमीटरवर येते. वेगवान रॅमला चांगला बोर्ड का लागतो, याचे उत्तर या रेघांत आहे. स्वस्त बोर्डमध्ये थर कमी असतात, रेघांना जागा कमी मिळते आणि संदेशात गोंगाट शिरतो.

सीएल : मात्रा आणि लय

वेगाच्या शेजारी ‘सीएल१६’ किंवा ‘सीएल२२’ असे लिहिलेले असते. प्रोसेसरने मागणी केल्यापासून डेटाचा पहिला तुकडा बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. आकडा लहान तितके चांगले, असे सरसकट म्हटले जाते आणि तिथेच घोळ होतो.

नाझापासून कैसरबाग फार दूर नाही. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये उभे राहिलेले संगीत महाविद्यालय तिथे आहे. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, की तीनतालाच्या मात्रा सोळाच, पण विलंबित लयीत एक आवर्तन पुरे व्हायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी वेळात ते द्रुत लयीत संपते. सीएलचे नेमके हेच आहे. तो आकडा मात्रांचा आहे, वेळेचा नाही. वेळ काढायची तर लयही माहीत हवी.

हिशेब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर४-३२०० सीएल१६ असेल तर १० नॅनोसेकंद. तोच सीएल१६ पण वेग २४०० असेल तर १३.३. साध्या ३२०० स्टिकचा सीएल सहसा २२ असतो. तिथे १३.७५ नॅनोसेकंद लागतात. आता जुनी डीडीआर३-१६०० सीएल११ घ्या. उत्तर तेच, १३.७५. डीडीआर५-६००० सीएल३० पाहून कुणी नाक मुरडेल, पण तिचे उत्तर येते १०.

यातून एक विचित्र गोष्ट उघड होते. पिढ्या बदलल्या, प्रवाह कितीतरी पट वाढला, पण पहिला तुकडा हाती येण्याचा वेळ जवळपास आहे तिथेच राहिला. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा. तो वाचायला लागणारा वेळ भौतिक नियमांनी बांधलेला आहे. हे तंत्र आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांचे. त्याचे पेटंट १९६८ चे. तेव्हापासून चिपा लहान झाल्या, स्वस्त झाल्या, एका वेळी जास्त डेटा देऊ लागल्या. मात्र वाट पाहायला लावण्याची त्यांची सवय काही सुटली नाही.

कारभार प्रोसेसरकडे कसा गेला

रॅमचा वेग प्रोसेसरशी ‘जुळवणे’ हा शब्दप्रयोग वीस वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा अधिक शब्दशः खरा होता. तेव्हा रॅमचा कारभार पाहणारा मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असे. प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज यांच्यामध्ये फ्रंट साइड बस हा रस्ता होता. बाजारात वेगाला ‘बस’ म्हणण्याची सवय बहुधा त्याच काळातली. ८०० च्या बसचा पेंटियम ४ सेकंदाला ६.४ जीबी डेटा घेऊ शकत असे. डीडीआर-४०० च्या दोन स्टिक जोडीने लावल्या, की बरोबर ६.४ जीबीच पुरवत. १०६६ च्या बसच्या कोअर २ ड्युओला डीडीआर२-५३३ ची जोडी तशीच चपखल बसे. त्याहून वेगवान रॅम लावली, तरी जास्तीचा डेटा त्या रस्त्यातून पुढे जायला वाव नव्हता.

एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला. इंटेलने २००८ च्या कोअर आय७ पासून तोच मार्ग धरला. मधला रस्ताच गेला आणि रॅमची गाठ थेट प्रोसेसरशी पडली. तेव्हापासून रॅमच्या वेगाची पहिली चौकशी प्रोसेसरकडे करावी लागते. प्रत्येक प्रोसेसरच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो. रायझन ५ २६०० ला २९३३, रायझन ५ ३६०० ला ३२००, रायझन ५ ७६०० ला डीडीआर५-५२००.

मग मदरबोर्डचे काय? तो दुसरा दरवाजा. प्रोसेसरच्या अधिकृत आकड्याच्या वर जायची परवानगी द्यायची की नाही, हे चिपसेट ठरवतो. इंटेलचे एच४१०, एच५१० आणि एच६१० ही परवानगी देत नाहीत. बी५६० पासून बी मालिकेत ती मिळाली. एएमडीने इथे हात सैल ठेवला आहे. बी४५० आणि बी५५० वर रॅमचा वेग वाढवता येतो. म्हणून एच६१० बोर्डवर डीडीआर४-३६०० ची झगमगती, दिव्यांची स्टिक लावणे म्हणजे दिव्यांचे पैसे देणे.

स्वतःहून न मिळणारा वेग

आता उलट बाजू. बोर्ड परवानगी देतो, प्रोसेसरही दमदार आहे, स्टिक ३६०० ची आहे, तरी टास्क मॅनेजर २१३३ किंवा २४०० दाखवतो. यात बिघाड काही नाही. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. स्टिकची कुंडली तिच्यात लिहिलेली असते. कॉम्प्युटर सुरू होताना बोर्डवरचा बायोस हा प्रोग्रॅम ती वाचतो आणि जेडेकने ठरवलेला सुरक्षित वेग निवडतो. गेमिंगच्या स्टिकचा छापील वेग त्या यादीत नसतो. तो एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो आणि बायोसमध्ये जाऊन आपल्याला हाताने चालू करावा लागतो. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्सपो नावाची तशीच सोय आणली. ती चालू केली की वेग, सीएल आणि व्होल्ट एकदम बदलतात. डीडीआर४ च्या अशा स्टिक १.२ ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट घेतात.

प्रोसेसर कंपन्या याला ओव्हरक्लॉकिंगच मानतात. छापील वेग स्टिक बनवणाऱ्याने तपासलेला असतो. तुमचा प्रोसेसर आणि बोर्ड तो पेलतील, अशी हमी त्यात नसते. एक्सएमपी चालू केल्यावर पीसी अधूनमधून निळा पडदा दाखवू लागला, तर एक पायरी खाली उतरावे. अजिबातच सुरू होत नसेल, तर बोर्डवरचा सीएमओएस जम्पर वापरून किंवा वीज काढून सीआर२०३२ चा बटन सेल थोडा वेळ बाजूला ठेवून सेटिंग पुसता येते. डीडीआर५ चा नवा पीसी पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळात कंट्रोलर रॅमशी ताळमेळ बसवत असतो. घाबरून बटन दाबू नये.

लखनौच्या उन्हाळ्याचाही इथे संबंध येतो. रॅममधला विजेचा साठा गळत असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये प्रत्येक बिट ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजा होतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले, की हे काम दुप्पट वेळा करावे लागते, कारण उष्णतेत गळती वाढते. ताजेतवाने करण्यात गुंतलेला भाग तेवढा वेळ वाचता येत नाही. साध्या पीसीत चिपा सहसा इतक्या तापत नाहीत. पण मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कॅबिनेटच्या जाळीत धूळ बसलेली असते आणि वर जास्त व्होल्टची रॅम. अशा वेळी काठावर चाललेली जुळणी डगमगते. एक्सएमपीची परीक्षा थंडीत घेतली असेल, तर उन्हाळ्यात ती पुन्हा घ्यावी. मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवला, की खरे काय ते कळते.

एकीपेक्षा दोन बऱ्या

वेगाच्या आकड्यामागे धावताना सगळ्यांत मोठा फायदा हातचा सुटतो, तो म्हणजे दोन चॅनेलचा. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर एक वाट ओस पडते. ८ जीबीच्या दोन लावल्या तर ३२०० च्या वेगाला २५.६ ऐवजी ५१.२ जीबीचा प्रवाह मिळतो. म्हणजे २४०० च्या दोन स्टिक कागदावर ३२०० च्या एका स्टिकला मागे टाकतात.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक कुठे लावायच्या? प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांत तांब्याची वाट पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्याकडे जाते. पहिल्यात स्टिक लावून दुसरा रिकामा ठेवला, तर त्या रिकाम्या टोकावर आपटून संदेशाचा पडसाद परत येतो आणि वरचे वेग डळमळतात.

चारही स्लॉट भरले की कंट्रोलरवरचा भार वाढतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकला ५२०० चा अधिकृत वेग आहे. चार लावल्या तर तो ३६०० वर येतो. म्हणून पुढे वाढवायचा विचार असेल, तर सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन घेतलेल्या बऱ्या. जुन्या २४०० च्या स्टिकशेजारी नवी ३२०० ची लावली, तर दोन्ही २४०० वर चालतील. बहुधा कुरकुर न करता चालतील, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या सीएलच्या स्टिक जुळतीलच असे नाही. दुकानातच लावून, चालवून पाहावे.

चॅनेलची किंमत मोठ्या यंत्रांना चांगलीच कळते. लखनौपासून जवळच, कानपूरच्या आयआयटीमध्ये, पुण्याच्या सी-डॅकने उभारलेला परम संगणक हा महासंगणक आहे. त्याच्या साध्या नोडमध्ये १९२ जीबी रॅम आहे. १२८ नाही, २५६ नाही, मधलाच १९२ हा आकडा कुठून आला? नोडमध्ये दोन झिऑन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकाला रॅमच्या सहा वाटा आहेत. बारा वाटांवर १६ जीबीची एकेक स्टिक बसली की होतात १९२. सगळ्या वाटा सारख्या भरल्या पाहिजेत, हा नियम आधी आला आणि जीबींचा आकडा त्यातून निघाला.

फरक कळतो कुठे

चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅममधून डेटा आणायला सगळा प्रवास धरून साधारण ८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे प्रोसेसरचे तीनशेहून अधिक ठोके नुसते वाट पाहण्यात जातात. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये या अडचणीला मेमरीची भिंत म्हटले होते. तिच्यावर उतारा म्हणून प्रोसेसरच्या आत कॅश नावाची छोटी, अतिवेगवान स्मृती असते. हवा असलेला डेटा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून टायपिंग, एक्सेल, ब्राउझर, टॅली अशा कामांत २६६६ आणि ३२०० यांतला फरक कुणालाही जाणवत नाही. ८ चे १६ जीबी केले, तर तो पहिल्या दिवशी जाणवतो, कारण रॅम अपुरी पडली की कॉम्प्युटर डिस्कचा आधार घेतो आणि डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी संथ.

वेगाची खरी भूक असते ती वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःची रॅम बाळगत नाही, तुमचीच वापरते. तिथे एका स्टिकच्या दोन करणे आणि वेग ३२०० पर्यंत नेणे याने गेमची चाल उघड सुधारते. रायझनमध्ये आणखी एक बाब आहे. प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाशी जोडी करून चालते. रायझन ५००० मालिकेत ३६०० च्या आसपास ही जोडी छान जमते. त्याच्या फार वर गेले की जोडी तुटते आणि आकडा वाढूनही काम मंदावते. रायझन ७००० साठी एएमडीने स्वतःच डीडीआर५-६००० हा सुवर्णमध्य सांगितला होता. उलट ५८००एक्स३डी सारख्या ९६ एमबी कॅशच्या प्रोसेसरला रॅमच्या वेगाचे फारसे सोयरसुतक नसते.

खरेदीपूर्वीची तयारी

घरून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडले की सध्याचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसते. सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसरचे आणि बोर्डचे पूर्ण नाव मिळते. प्रोसेसरचे नाव कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून रॅमची पिढी आणि कमाल वेग पाहावा. मग बोर्डच्या पानावर स्लॉटची पिढी, एकूण किती जीबी चालतात आणि तपासून मंजूर केलेल्या स्टिकची यादी पाहावी. एच६१ सारख्या दोन स्लॉटच्या बोर्डला १६ जीबीची मर्यादा असते, हेही तिथेच कळते. लॅपटॉप असेल तर मागचे झाकण उघडून स्लॉट खरोखर आहे ना, हे बघावे. हल्ली पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते आणि मग बाजाराची चक्कर फुकट जाते.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी चिपांची मागणी इतकी वाढवली, की साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याचा माल महागला. अशा वेळी पैसे कोणत्या क्रमाने घालायचे हे ठरलेले बरे. आधी पुरेसे जीबी, मग ते दोन स्टिकमध्ये विभागून, मग प्रोसेसर आणि बोर्ड ज्यावर राजी आहेत तो वेग. त्याच्या वरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. २६६६ वर थांबणाऱ्या पीसीसाठी ३२०० ची स्टिक त्याच भावात मिळत असेल, तर खुशाल घ्यावी, पुढच्या बोर्डवर ती कामी येईल. जास्त पैसे मागत असतील, तर त्या पैशांत जीबी वाढवावेत.